बागेत सापडलेलं झिजलेलं ब्रिटिश नाणं कोणत्या राजाचं, हे कसं ठरवायचं

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. नॉर्थॅम्प्टनजवळच्या नव्या घरी मेथीसाठी वाफा खणताना वीतभर खोलीवर एक गोल चकती लागली. रंग हिरवट तपकिरी. पट्टीने मोजली तर 28 मिलिमीटर रुंद, कॉफीच्या काट्यावर 7.9 ग्रॅम. एका बाजूला काहीच दिसत नाही, दुसऱ्या बाजूला ‘कुणीतरी बसलंय असं वाटतं’. शेजारचे आजोबा म्हणाले रोमन असेल. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर चिंच-मीठ लावून घासायला सांगितलं. तुमचे प्रश्न तीन: कोणत्या राजाचं, किती जुनं आणि किंमत किती.

सगळ्यात आधी चिंचेचं, कारण तेवढंच घाईचं आहे. कृपा करून घासू नका. देवघरातला तांब्या कळकला की आपण चिंच लावतो आणि तो लखलखतो, कारण खाली जाड, निरोगी तांबं असतं आणि वरचा कळंक पातळ असतो. दोन-अडीचशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं उलट होतं. जमिनीतलं पाणी, क्षार आणि खतं यांनी वरचा धातू खाल्लेला असतो आणि उरलेला ठसा पुष्कळदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकलेला असतो. थर निघाला की ठसाही निघतो. मी इंग्लंडात आल्यावर पहिल्याच वर्षी एक नाणं लिंबाने असं चकचकीत केलं होतं. आज ते माझ्याकडे गुलाबी रंगाच्या कोऱ्या चकतीच्या रूपात आहे आणि ते कुणाचं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही एवढंच करा: वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाणं दोन-तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, सुटी झालेली माती टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच काढा. माती सुटत नसेल तर राहू द्या.

आता मूळ अडचण. तुम्ही अक्षरं आणि साल शोधताय, आणि नेमकं तेच गेलंय. मी गेली वीसेक वर्षं शनिवार-रविवारी शेतमालकांची परवानगी घेऊन मेटल डिटेक्टर फिरवतो आणि आमच्या गटातल्या लोकांच्या चकत्या ओळखून देतो. दहातल्या आठ अशाच असतात. एवढ्या वर्षांत शिकलो ते असं की, झिजलेलं नाणं वाचायचं नसतं, मोजायचं असतं. झिजेने अक्षरं जातात, चेहरा जातो, वजनही थोडं जातं. रुंदी मात्र फारशी जात नाही आणि वाढत तर कधीच नाही. म्हणून 28 मिलिमीटर हा तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

त्या एका मापाने बघा किती नावं गळतात. 1860 मध्ये ब्रिटनने शुद्ध तांबं सोडून ब्रॉंझची नाणी आणली. त्यातली पेनी 30.8 मिलिमीटरची, हाफपेनी म्हणजे अर्धी पेनी साधारण 25.5 ची, फार्दिंग म्हणजे पाव पेनी 20 ची. तुमचं नाणं हाफपेनीपेक्षा मोठं आहे, आणि पेनी जवळजवळ तीन मिलिमीटर झिजून लहान होत नाही. म्हणजे 1860 नंतरचं ब्रॉंझ बाद. आजचं दोन पेन्सचं नाणं 25.9 मिलिमीटरचं, बागेच्या मातीत काळं पडलं की फार जुनं वाटतं, म्हणून त्याचाही उल्लेख केला. 1992 पासूनच्या बहुतेक दोन पेन्सच्या आत पोलाद आहे, त्यांना लोहचुंबक चिकटतं. तुमच्याला चिकटणार नाही. 1797 ची प्रसिद्ध ‘कार्टव्हील’ पेनी 36 मिलिमीटरची आणि एक औंसाची. आपल्याकडच्या ढब्बू पैशालाही लाजवेल असं ते धूड आहे, त्याची शंकाच नको.

(जाता जाता सांगतो, ती कार्टव्हील पेनी मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर पाडली. त्याच टांकसाळीत 1791 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली, एका बाजूला तराजू असलेली. लंडनच्या सरकारी टांकसाळीत तेव्हा नाणी अजून मनुष्यबळाच्या दाबयंत्रांवर पडत होती. वाफेवर पाडलेला पैसा खुद्द इंग्लंडच्या राजाच्या आधी मुंबईच्या बाजारात खुळखुळला, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.)

मग उरलं काय? 28 ते 30 मिलिमीटरच्या पट्ट्यात तांब्याची हाफपेनी बसते. इथले लोक उच्चार ‘हेपनी’ असा करतात. ती 1672 पासून 1860 पर्यंत, मध्ये मोठे खंड पडत, निघत राहिली. त्याच मापाची आयर्लंडसाठीची हाफपेनीही असते. 1787 ते 1797 या दहा वर्षांत सुट्ट्या पैशांची टंचाई होती म्हणून खाणमालकांनी आणि दुकानदारांनी स्वतःची टोकन पाडली, तीही याच मापाची. आणि शेवटी, आजोबा म्हणतात तसं, रोमन.

रोमनची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रोमन ‘आस’ नावाचं तांब्याचं नाणं 25 ते 28 मिलिमीटरचं असतं. शिवाय सम्राट अँटोनायनस पायस याने इसवी सन 154-155 च्या सुमारास जे आस पाडले, त्यांच्यावर बसलेली ब्रिटानियाच आहे, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन देश, खडकावर, खिन्नपणे हाताला डोकं टेकून. उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीजवळ कॅरोबरा इथे कोव्हेंटिना देवीची विहीर आहे. तिच्यात भाविकांनी टाकलेली हजारो नाणी सापडली आणि त्यांत हे ब्रिटानियाचे आस शेकड्यांनी होते. दुसऱ्या चार्ल्सने 1672 मध्ये हाफपेनीवर ब्रिटानिया बसवली ती याच रोमन बाईची वारस. म्हणजे ‘बसलेलं कुणीतरी’ दोन्हीकडे सापडतं.

फरक जाडीत आहे. रोमन आस दहा ग्रॅमच्या आसपासचा, पण रुंदीला कमी, त्यामुळे जाड, आणि ती जाडी कडेला एकसारखी नसते. तुमच्या 28 मिलिमीटर आणि 7.9 ग्रॅमवरून सरासरी जाडी काढली तर दीड मिलिमीटरच्या किंचित आत येते. नाणं टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून कड बघा. पत्र्यातून छिन्नीने कापल्यासारखी सपाट, सगळीकडे सारखी चकती असेल तर ती रोमन नाही. पोटाशी फुगीर आणि कडेला कुठे जाड कुठे पातळ असेल, तर मला परत लिहा. तुमच्या वर्णनावरून मला ती सपाट चकती वाटते.

म्हणजे इथवर हाती आलं ते असं: 1860 च्या आधीचं तांबं, बहुतेक हाफपेनी, ब्रिटानियाची बाजू थोडी जिवंत. आता राजा.

इथे प्रकाशाचं काम आहे. रात्री खोलीतले दिवे घालवा. नाणं काळ्या कापडावर ठेवा, ओलसर असतानाच, कारण ओल्या पृष्ठभागावर रंगातला फरक उठून दिसतो. मोबाइलची बॅटरी वरून मारू नका. फोन टेबलावरच आडवा धरा, प्रकाश नाण्याला कडेकडून घासत गेला पाहिजे. मग फोन स्थिर ठेवून नाणं हळूहळू फिरवा. उठावाच्या मागे केसाएवढी सावली पडते आणि दोन-तीन अंश फिरवलं की जाते. पूर्ण चक्कर फिरवताना प्रत्येक कोनात एखादाच तुकडा दिसतो: कुठे हनुवटी, कुठे मानेचा काप, कुठे डोक्यामागे बांधलेल्या रिबिनीची दोन टोकं.

आणि एक शिस्त पाळा. जे दिसलं ते कागदावर काढा, आणि ते काढून होईपर्यंत इंटरनेटवर एकही चित्र उघडू नका. एकदा चित्र पाहिलं की डोळा तेच शोधतो आणि डागांतही राजाचं नाक दिसायला लागतं. घरातल्या दुसऱ्या कुणालाही वेगळं बसवून काढायला सांगा. दोन्ही चित्रांत जे सारखं येईल तेवढंच खरं धरायचं.

तुमची एक बाजू कोरी आहे म्हणता, तिथे अंधारात चाचपडायला नको म्हणून एक युक्ती सांगतो. ब्रिटानियाच्या पायांखाली एक आडवी सरळ रेघ असते, तिच्याखाली साल असतं. साल गेलं तरी ती रेघ चिवट असते, बरेचदा शेवटपर्यंत टिकते. ती सापडली की ब्रिटानियाची खालची बाजू कळली. आता रेघ खाली ठेवून नाणं वर आणि खाली अशा दोन बोटांत धरा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो तसं खालून वर उलटा. तांब्याच्या काळातल्या सरकारी नाण्यांत दोन बाजूंचे ठसे एकमेकांना उलटे असत, त्यामुळे असं उलटल्यावर राजाचं डोकं साधारण सरळ उभं येतं. म्हणजे कोऱ्या बाजूवर मान कुठे असायला हवी ते तुम्हाला आधीच माहीत झालं. आता फक्त बघायचं की त्या मानेच्या वर तोंड डावीकडे आहे की उजवीकडे.

एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, कारण हाफपेनीवर राजे पाठोपाठ तोंडं फिरवत आले. पण त्याआधी ब्रिटानियाकडेही एकदा बघून घ्या. ती तुमच्या डावीकडे तोंड करून बसली असेल तर नाणं 1807 पर्यंतचं. उजवीकडे तोंड असेल तर 1825 पासून पुढचं, चौथा जॉर्ज, चौथा विल्यम किंवा तरुण व्हिक्टोरिया यांच्यापैकी. हातात काय आहे हे दिसलंच तर आणखी मदत होते: 1797 च्या आधी तिच्या हातात साधा भाला असतो, त्या वर्षापासून समुद्राचा त्रिशूळ आला. कडही तपासा. 1799 आणि 1806-07 च्या सोहोच्या हाफपेनीच्या कडेवर तिरप्या खाचा असतात, त्याआधीच्यांची कड साधी. खाचा दिसल्या नाहीत आणि ब्रिटानिया डावीकडे बघत असेल, तर आपण 1672 ते 1775 मध्ये आलो.

त्या शंभर वर्षांत राजाचं तोंड डावीकडे म्हणजे दुसरा जॉर्ज, 1729 ते 1754. दुसऱ्या चार्ल्सचंही तोंड हाफपेनीवर डावीकडेच, पण ती 1672 ते 1675 एवढीच निघाली आणि जमिनीतून क्वचित येते. तोंड उजवीकडे असेल तर मुख्य उमेदवार तिघे: तिसरा विल्यम 1695 ते 1701, पहिला जॉर्ज 1717 ते 1724, तिसरा जॉर्ज 1770 ते 1775. यांच्यात निवड करताना चेहरा सोडा, बाह्यरेषा धरा. विल्यमचे केस लांब, खांद्यावर रुळणारे आणि नाक बाकदार. पहिला जॉर्ज मानेला जाड, भरीव. तिसऱ्या जॉर्जसाठी नावातला आकडा शोधा. कडेच्या अक्षरांचा एखादा दांडा जरी दिसला तरी सोडू नका. विल्यमचं नाव ‘गुलिएल्मुस टेर्टिउस’ असं दोन लांब तुकड्यांत असतं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना भरगच्च. जॉर्जच्या नावात उजव्या बाजूला ‘रेक्स’ हा छोटा शब्द येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या जॉर्जला मध्ये आकड्याच्या उभ्या काड्या असतात. त्या दोन की तीन हे मोजता आलं तर प्रश्नच मिटला.

बसलेल्या आकृतीऐवजी तुम्हाला तारांची वीणा दिसली, वर मुकुट, तर ते आयर्लंडचं. इंग्लंडच्या शेतांत तीही बरीच सापडतात.

आता तुमचं 7.9 ग्रॅम. याच आकड्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबलो. सरकारी नियमाने एक पौंड तांब्यातून 46 हाफपेनी पाडायच्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे 9.9 ग्रॅम. तुमच्याकडे दोन ग्रॅम कमी आहेत. वर्षानुवर्षांचा वापर आणि मातीचा गंज मिळून एवढी तूट पडू शकते. पण आणखी एक शक्यता आहे आणि ती मनोरंजक आहे: नाणं त्या काळातलंच, पण खोटं.

अठराव्या शतकात सरकारी टांकसाळ तांब्याकडे दुर्लक्षच करत होती. 1754 नंतर 1770 पर्यंत हाफपेनी पडलीच नाही, 1775 नंतर पुन्हा थांबली. कारखाने वाढत होते, मजुरांना आठवड्याची मजुरी सुट्ट्यांत द्यायची होती, आणि सुट्टे नव्हते. सोन्याचांदीचं खोटं नाणं पाडणं राजद्रोह होता, तांब्याचं मात्र त्यात मोडत नसे. मग बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी पत्र्याची बटणं पाडणाऱ्या हातांनी हाफपेनी पाडल्या. 1787 मध्ये टांकसाळीने चलनातली नाणी तपासली, तेव्हा जेमतेम 8 टक्के हाफपेनी खऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या निघाल्या. त्यामुळे बागेतून आलेली हलकी हाफपेनी खोटी असण्याची शक्यता चांगलीच असते.

लेस्टरशरमधल्या एका नांगरलेल्या शेतातून मला अशीच चकती मिळाली होती, 27 मिलिमीटर, साडेसहा ग्रॅम. तोंड डावीकडे म्हणून मी पाकिटावर दुसरा जॉर्ज लिहून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी पुन्हा प्रकाशात धरली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. कॅलेंडरसारखी उलटली तर डोकं आडवं येत होतं, आणि कडेशी अक्षरं अर्धवट कापली होती, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा होता. सरकारी नाण्यात या दोन्ही गोष्टी एकत्र सहसा येत नाहीत. पाकिटावर मी ‘समकालीन खोटं, साधारण 1750 ते 1790’ असं बदललं, आणि तेच उत्तर पूर्ण आहे. तुमच्याही बाबतीत कदाचित एवढंच सांगता येईल. राजाचं नाव लागलं नाही म्हणजे ओळख फसली असं मानू नका. नुसतं ‘अठराव्या शतकातली हाफपेनी’ म्हटलं तरी शेकडो शक्यतांतून आपण एकाशी येऊन पोचलेलो असतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. तुम्ही लिहिलंय, ‘इतकं गुळगुळीत आहे म्हणजे खूप प्राचीन असणार.’ गुळगुळीतपणावरून नाणं किती फिरलं ते कळतं, कधी पाडलं ते नाही. इथे 1971 मध्ये दशमान पद्धत येईपर्यंत 1860 च्या दशकातल्या पेनी लोकांच्या खिशात होत्या, शंभर वर्षं वापरून पार सपाट झालेल्या. उलट मला चौदाव्या शतकातली चांदीची पेनी अशी मिळाली आहे की राजाच्या केसांच्या बटा मोजाव्यात, कारण ती पाडल्यावर थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी हातून पडली असावी.

तुमच्या बागेत ते आलं कसं, याची दोन साधी उत्तरं आहेत. तिथे पूर्वी शेत असेल आणि काम करणाऱ्याच्या खिशातून पडलं असेल. किंवा ते सोनखताबरोबर आलं असेल. शहरातल्या संडासांचा मैला आणि चुलीची राख गाड्यांतून शेतांवर नेऊन पसरत, आणि घरात हरवलेली बटणं, चिलमीचे तुकडे, नाणी त्याच्याबरोबर जात. त्याच वाफ्यात पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या नळ्यांचे तुकडे मिळाले तर दुसरं कारण जास्त पटेल. मेथी लावण्याआधी माती एकदा चाळून बघा.

किंमत. पैशात म्हणाल तर जवळजवळ काही नाही. अशी झिजलेली तांब्याची नाणी जुन्या बाजारात मुठीने विकतात. कायद्याचीही काळजी नको. इंग्लंडच्या 1996 च्या ट्रेझर कायद्यात तांब्याचं एकटं नाणं सहसा येत नाही. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा इतर धातूंची दहा नाणी एकत्र सापडली, तर मात्र 14 दिवसांच्या आत कळवावं लागतं. घर भाड्याचं असेल तर नाण्यावर हक्क जमीनमालकाचा, त्यांना सांगून ठेवा. नाणं सतराव्या शतकातलं किंवा रोमन निघालं तर तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला दाखवा. हे लोक पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचं, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचं, काम करतात, पैसे घेत नाहीत, आणि त्यांची दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद कुणालाही पाहता येते.

काहीही निघो, एका कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. पाकिटावर आजची तारीख, घराच्या मागच्या भिंतीपासून किती पावलांवर आणि किती खोल सापडलं ते लिहा. आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा वजन करा. मातीचा कण अडकला असेल तर आकडा बदलेल. ते वजन, कडेकडून प्रकाश टाकून काढलेले चार दिशांचे फोटो, आणि तुम्ही दोघांनी वेगवेगळी काढलेली चित्रं मला पाठवा. सगळ्यात आधी मला हे सांगा, ती बसलेली बाई कुठल्या बाजूला तोंड करून आहे?